शिब्बोलेथ म्हणजे कणीस

हुरड्याचे दिवस आले की शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन माझ्या दारात हजर होतो. पाठांतर स्पर्धेला परीक्षक म्हणून या, तुमच्यासारखी शुद्ध वाणी आता सोलापुरात कुणाची राहिलीय, वगैरे वगैरे. मी दर वर्षी एकच निरोप देते, छातीत कफ झालाय म्हणावं. परवा तो म्हणाला, "बाई, तुमचा कफ बरोबर संक्रांतीलाच कसा येतो?" मेला हुशार आहे. कफबिफ काही नाही. गेली चाळीस-बेचाळीस वर्षं मी कुणाची तोंडी परीक्षा घेतलेली नाही आणि घेणारही नाही. का, ते आज सांगूनच टाकते. वय झालं, आता लाजायचं तरी कुणाला?

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. माझ्या बोलण्याचा मला भारी तोरा होता. ण आणि न, ळ आणि ल, श आणि ष, सगळी अक्षरं कशी धुऊन वाळवून घडी घातलेली. आमच्या आजीचं बोलणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पाहुणे आले की मी तिला आतल्या खोलीत बसवत असे. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. आता कळतं, तेव्हा मला तो गुण वाटायचा.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मिशनच्या गोऱ्या मड्डमसाहेबांनी माझ्याकडे तीन बायका सोपवल्या. त्यांना बायबलबाईच्या परीक्षेला बसवायचं होतं. बायबलबाई म्हणजे गावोगाव, घरोघर जाऊन बायकांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगणारी, जमलं तर चार अक्षरं शिकवणारी. पास झाली की तिला कामावर घेत, कंपाउंडात एक खोली मिळे आणि तिची मुलं मिशनच्या शाळेत राहत. परीक्षा तोंडी असायची. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नगरकडून येत, आणि त्यांचा आवडता प्रांत म्हणजे अवघड नावं. बायबलात आडवळणाची नावं थोडीथोडकी नाहीत, आणि ज्या नावाशी आपण सगळे ठेचकाळतो नेमकं तेच ते विचारत. याचा अर्थ काय, हा कुणाचा कोण, हे नाव का पडलं. भल्याभल्यांचं घोडं तिथे पेंड खाई.

तिघींतल्या दोघी गावातल्याच होत्या. तिसरी सगुणाबाई. नातेपुत्याच्या पलीकडच्या वस्तीवरून आलेली विधवा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. नवरा तापाने गेला, तेव्हापासून ती दिराच्या रानात राबत होती. दीरही ख्रिस्तीच; पण ख्रिस्ती झाला म्हणून दीर दीरपणा सोडतो थोडाच! तिची एकुलती मुलगी तेरा वर्षांची. घरात तिला काशी म्हणत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक म्हणाले, काशी चालायचं नाही, तेव्हा कुणीतरी कसीया सुचवलं. ईयोबाच्या एका लेकीचं नाव, म्हणजे तज, मसाल्यातली. सगुणाबाईला ते फार आवडलं होतं. दिराने मात्र कसीयासाठी आपल्या बायकोचा भाऊ ठरवून ठेवला होता. बिजवर, मिशा पिकलेला, आधीची दोन मुलं. दिराने सगुणाबाईला शिमग्यापर्यंत मुदत दिली होती. परीक्षा पास झालीस तर लेकीला घेऊन सोलापुरात राहा, मी आड येणार नाही. नाहीतर शिमगा झाला की हळद. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, रडत नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. त्यानंतर ते आम्हा दोघींपैकी कुणीही पुन्हा बोललं नाही, पण रोज दुपारी आमच्या मध्ये ते बसलेलंच असायचं.

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की शाळेच्या मागे चिंचेखाली आमचा वर्ग भरे. कंपाउंडाच्या भिंतीपलीकडे तेलंगी विणकरांची वस्ती. मागांची खटखट दिवसभर चालू, आणि त्या खटखटीवर आमची नावं. ईखाबोद. मफीबोशेथ. महेर-शालाल-हाश-बज. गावातल्या दोघी घोकंपट्टी करत आणि दुसऱ्या दिवशी विसरत. सगुणाबाई नाव ऐकायची, अर्थ विचारायची. पुढच्या दिवशी त्या नावाचं माणूस तिच्या ओळखीचं झालेलं असे. मफीबोशेथ, तो दोन्ही पायांनी पांगळा राजनातू, त्याला पळताना दाईने पाडलं होतं. सगुणाबाई मला विचारते, "त्या दाईचं नाव काय हो, बाई?" मी म्हटलं, शास्त्रात दिलेलं नाही. ती म्हणाली, मग तिला रात्री झोप कशी लागली असेल? मी रागावले आणि पुढचं नाव घेतलं. अवघड नावांचा अर्थ मी तिला शिकवत होते, असं सगळ्यांना वाटे. मलाही तसंच वाटे.

अडचण एकच होती, तिची जीभ.

आमच्याकडच्या रानातल्या बोलीत स आणि श यांची गंमत आहे. मीठ-साखरेच्या बरण्यांची झाकणं बदलावीत तशी ती दोन अक्षरं एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. शाळेची साळा होते, शब्दाचा सबूद होतो. आणि सीतेची होते शिता, सिद्रामचा शिद्राम, सिंहाचा शिंव. जिथे श हवा तिथे स, आणि जिथे सि हवी तिथे हटकून शि. सगुणाबाई शौल राजाला सौल म्हणायची आणि सीनाय डोंगराला शिनाय. मी शौल, शलमोन, शब्बाथ घासून-पुसून नीट करून घेतले. महिन्याभरात ती शाळेला शाळा म्हणायला लागली, तेव्हा मला कोण आनंद झाला! पण सि काही केल्या निघेना.

आणि परीक्षेच्या नावांच्या यादीत होतं शिब्बोलेथ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शास्ते नावाच्या पुस्तकात ही हकीकत आहे. गिलादाच्या लोकांनी एफ्राईमाच्या लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार अडवून धरले. पळणारे एफ्राईमी नदी ओलांडायला येत आणि म्हणत, आम्ही एफ्राईमी नव्हे. दिसायला सगळे सारखेच, मग ओळखायचं कसं? गिलादी म्हणत, बरं तर, शिब्बोलेथ म्हण. एफ्राईमी जिभेला श येत नसे. तो म्हणे, सिब्बोलेथ. की लगेच धरून तिथेच कापला. बेचाळीस हजार माणसं अशी गेली. आणि त्या शब्दाचा अर्थ काय, तर कणीस! धान्याचं साधं कणीस.

आता मौज बघा. सगुणाबाईला शिब्बोलेथ म्हणायला सांगा, खणखणीत म्हणायची. यार्देनेच्या काठी ती सुखरूप पार झाली असती. तिला म्हणता येत नव्हतं ते चुकीचं, सिब्बोलेथ. गोष्ट सांगताना ती म्हणे, गिलादी म्हणाले शिब्बोलेथ म्हण, तर त्याला ते येईना, तो म्हणाला शिब्बोलेथ, म्हणून त्याला मारला. ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही त्या एका अक्षराशी झुंजलो. मी तिला आरसा दिला, माझ्या दातांकडे बघायला लावलं, जिभेचं टोक कुठे टेकतं ते बोट घालून दाखवलं. सीता म्हणा. शिता. साखर म्हणा. साखर. सा म्हणा. सा. आता सी म्हणा. शी. एकदा मी जिभेखाली पेन्सिल आडवी धरायला लावली, आणि ती काढली तेव्हा पेन्सिलीला रक्त होतं. तिने ते पदराने पुसलं आणि पेन्सिल मला परत दिली. आईबरोबर आलेली कसीया पलीकडे बसून सगळं बघत होती. ती पोर आठवड्याभरात स्वच्छ सिब्बोलेथ म्हणायला लागली, आणि आईपुढे म्हणायचं मात्र टाळायची.

एके दिवशी सगुणाबाई म्हणाली, "बाई, मी म्हंते, ते वाकडं नाव म्हणायचंच कशाला? त्यास्नी नीट म्हणता आलं न्हाय, येवढंच सांगते की. गोष्ट तर पुरी हुती."

किती सरळ होतं! आज मला त्या वाक्यापुढे हात जोडावेसे वाटतात. कुणीही शहाणी मास्तरीण म्हणाली असती, हो, तसंच सांगा. पण मी म्हणाले, छे, दोन्ही शब्द आले नाहीत तर गोष्टीत राम काय उरला? पाळकसाहेबांसमोर अर्धवट सांगायचं नाही, माझ्या हाताखालच्या बाईने तर नाहीच नाही. ती म्हणाली, "व्हय." आणि पुन्हा आरसा घेतला.

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. होम मैदानाकडून पाळण्यांचा आणि पिपाण्यांचा आवाज आमच्या भिंतीपर्यंत यायचा. जत्रेच्या निमित्ताने तिचा दीर सोलापुरात आला आणि दोन दिवस शाळेच्या ओसरीवर बसून राहिला. भांडला नाही, मोठ्याने बोलला नाही. नुसता बसला, मधूनमधून तंबाखू मळायचा. जाता-येता मला रामराम करायचा. मला वाटे, हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. कसीयाला त्याने जत्रेतून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. तिने त्या हातात घातल्या नाहीत, पण टाकून द्यायचीही तिची हिंमत नव्हती. दोन्ही दिवस ती बांगड्यांचा पुडा मुठीत धरून फिरत होती.

परीक्षा चर्चशेजारच्या खोलीत झाली. टेबलामागे पाळकसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला मड्डमसाहेब, टोकाला मी. गावातल्या दोघी अडखळत का होईना पार पडल्या आणि खिडकीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मग सगुणाबाई आत आली. धुवट लुगडं, डोक्यावर पदर, पाय अनवाणी.

पाळकसाहेबांनी एकेक नाव टाकायला सुरुवात केली. ईखाबोद? वैभव गेलं. कुणी ठेवलं? एलीच्या सुनेने, मरता मरता. याबेस? आईला फार कळा आल्या म्हणून. मग त्यांनी विचारलं, केरेन-हप्पूक. हे नाव उच्चारतानाच माणूस दमतं. सगुणाबाईने ते एका दमात घेतलं.

"काजळाची डबी, साहेब. ईयोबाचं सारं गेलं. गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोडं उठली. त्याच्यानंतर देवानं परत लेकी दिल्या, तवा त्यानं धाकटीचं नाव काजळाची डबी ठेवलं. मी म्हंते, ज्या मानसाला दुःखातनं उठून काजळ आठवलं, त्याचं मन बरं झालं आसंल."

पाळकसाहेब लिहायचे थांबले. चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, सुटली. गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात मड्डमसाहेब हसून म्हणाल्या, मला एक नाव विचारायचं आहे. त्या बारा वर्षं सोलापुरात होत्या आणि त्यांचं मराठी असं: "सगुनाबाई, टुमी शिब्बोलेठ सांगा."

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. नुसतं मान हलवून मी तिला सांगू शकले असते की वाकडं नाव सोडून दे. मी मान हलवली नाही.

तिने नदी सांगितली, उतार सांगितले, पळून आलेली दमलेली माणसं सांगितली. गिलादी म्हणाले, शिब्बोलेथ म्हण. "तवा ते मानूस म्हणालं..." ती थांबली. ओठ ताणले, दात जुळवले, अगदी मी शिकवलं होतं तसे. "शिब्बोलेथ."

मग त्याला मारलं कशासाठी? पाळकसाहेबांनी विचारलं. नीट म्हणता आलं नाही म्हणून, ती म्हणाली. पण तुम्ही तर दोन्ही वेळा तेच म्हणालात. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसतीच हवा निघाली, शब्दच नाही. खिडकीबाहेरच्या दोघींपैकी एक फिसकन हसली. सगुणाबाईचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम उतरला. आणि मला, देवा मला क्षमा कर, मला त्या वेळी तिची कीव आली नाही. राग आला. एवढं रक्त आटवलं, आणि हिने चारचौघांत माझं नाक कापलं!

पाळकसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, राहू द्या, निदान अर्थ सांगा. सगुणाबाईने लुगड्याचा काठ मुठीत धरला होता.

"अर्थ कणीस," ती म्हणाली. "कणीस त्या मानसास्नी बी ठावं हुतं की, साहेब. त्यांनी बी पेरलेलं, त्यांनी बी खुडलेलं. पण नदीवर अर्थ कुनी इचारला न्हाय."

भिंतीपलीकडचे माग तेवढे खटखटत होते.

तिला बाहेर बसायला सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, बाईला समज आहे, पण वचन लोकांपुढे शुद्ध गेलं पाहिजे. लोक हसले तर हसू हिला नाही, शास्त्राला होईल. मड्डमसाहेब म्हणाल्या, माझं मत पास. मग दोघेही माझ्याकडे वळले. तुम्ही तीन महिने शिकवलंय, तुम्ही सांगाल तसं करू. इतकं सोपं होतं. मला फक्त "पास" म्हणायचं होतं. एक अक्षर प, दुसरं स, दोन्ही मला उत्तम येत होती. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा बसू द्यावं. उच्चार अजून कच्चे आहेत."

पुढचं वर्ष! शिमगा दीड महिन्यावर आला होता. हे मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत एकटीलाच ठाऊक होतं. टेबलाशी मी त्यातलं अवाक्षर काढलं नाही, मूग गिळून बसले. काढलं असतं तर मड्डमसाहेबांनी त्या पोरीला हातची जाऊ दिली नसती. त्याच मड्डमसाहेब, ज्यांना बारा वर्षांत "तुम्ही" म्हणता आलं नव्हतं, आणि ज्यांना कुठल्याच काठावर कुणी कधी अडवलं नव्हतं. हा विचार मला त्या वेळी सुचला नाही. सुचला तो कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका रविवारी चर्चमध्ये कुणीतरी तो अध्याय वाचत असताना. मी मधेच उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, म्हातारीला चक्कर आली.

कसीयाचं लग्न शिमग्यानंतर आठ दिवसांत झालं. मला आवतण आलं होतं, मी गेले नाही. पाच-सहा वर्षांनी गड्ड्याच्या जत्रेत ती मला दिसली. कडेवर एक, हाताला दोन. माझ्या पाया पडली. मी विचारलं, वाचतेस की नाही काही? तिने मुलाची टोपी सारखी केली आणि म्हणाली, "इसरले बाई सारं." पूर्वी ती "विसरले" म्हणायची, मीच शिकवलं होतं. तिची आई त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. तेही मला तिथेच, त्या पिपाण्यांच्या गोंगाटात कळलं. मी घरी आले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुष्कळदा वाटतं, त्या दुपारी आपण गिलादी झालो. हातात तलवार नव्हती, एवढाच फरक. आणि आपली आजी घरात बसून शिता-शिद्राम म्हणत होती, ती कुठल्या काठावरची होती? पण हे असलं म्हणून मन हलकं होत नाही. ते नुसतं शास्त्राचा आधार घेऊन रडणं झालं. खरी गोष्ट त्याहून लहान आहे, आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी टांगा उभा होता. दीर पुढे बसला होता, कसीया मागे गाठोड्याला टेकून. सगुणाबाई मला शोधत वर्गात आली. मला वाटलं, आता ही बोलणार, बोलून घेऊ दे, मला ऐकून घ्यायचं आहे. तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमी लई कष्ट घेतले माझ्यापायी," ती म्हणाली. "तुमच्या शिकवण्यात काय कमी न्हवतं. चूक माझ्या जिभंची."

चूक तुमची नाही, माझी आहे. एवढंच म्हणायचं होतं. आणि मग धावत मड्डमसाहेबांच्या बंगल्यावर जायचं होतं. टांगा थांबला असता. शब्द ओठांवर आले होते, शपथेवर सांगते. पण वर्गात मुली बसल्या होत्या, त्या ऐकत होत्या. मी हात सोडवून घेतले आणि म्हणाले, "सराव चालू ठेवा हं, सगुणाबाई. रोज."

"व्हय," ती म्हणाली, आणि टांग्यात जाऊन बसली.